आधी कीटक, मग रोग

वैद्यकाच्या इतिहासात शोधाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. माणसे आजारी पडतात, काही दगावतात, लोक त्या आजाराला काहीतरी नाव देतात, वैद्य त्याची लक्षणे लिहून ठेवतात आणि मग कित्येक पिढ्यांनंतर कुणाला तरी त्याचे कारण सापडते. हिवतापाचे तसेच झाले. ताप हजारो वर्षांपासून ठाऊक होता. रक्तातला परजीवी 1880 मध्ये लाव्हरान यांना दिसला आणि डासाच्या पोटातला त्याचा मुक्काम 1897 मध्ये रॉस यांना दिसला. ब्राझीलच्या कार्लोस चागास यांच्या बाबतीत हा क्रम पार उलटा झाला. त्यांना आधी कीटक भेटला, मग कीटकाच्या आतड्यात परजीवी सापडला, मग तो परजीवी प्रयोगशाळेतल्या माकडांत उतरला, पुढे एका घरातल्या मांजरात आढळला आणि सगळ्यात शेवटी माणसात. ज्या रोगाची स्वतंत्र रोग म्हणून कुणी तक्रारच केली नव्हती, तो त्यांनी शोधून काढला; आज तो त्यांच्याच नावाने, चागास रोग म्हणून, ओळखला जातो. ही हकीकत सहसा एका माणसाच्या अचाट कर्तृत्वाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण चागास यांच्याविषयी जसजसे वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले, की या उलट्या क्रमानेच त्यांचे पुढचे पंचवीस वर्षांचे आयुष्य अवघड करून ठेवले.

त्यांचा जन्म 1879 चा, मिनास जेराइस प्रांतातल्या ओलिव्हेरा गावाजवळचा. वडील लहानपणीच गेले. मुलाने खाण अभियंता व्हावे अशी आईची इच्छा होती, पण तो रिओ द जानेरोला वैद्यकाकडे वळला. पदवीसाठी लागणारा प्रबंध त्याने हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तावर लिहिला आणि त्यासाठी तो मांगिन्योस इथल्या संस्थेत ओस्वाल्दो क्रूझ यांच्या हाताखाली आला. ही संस्था 1900 मध्ये प्लेगवरची रक्तलस बनवण्यासाठी सुरू झाली होती आणि क्रूझ यांनी तिचे रूपांतर खऱ्या अर्थाने संशोधनसंस्थेत केले. तिथे नोकरी मिळत असताना चागास यांनी ती लगेच घेतली नाही. त्यांना रुग्ण तपासायचे होते. या नकाराकडे चरित्रांमध्ये किरकोळ तपशील म्हणून पाहिले जाते. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे त्यांना जे दिसले ते रुग्णाच्या घरात जाऊन दिसले.

1905 मध्ये सांतोस बंदराच्या कंपनीने इटाटिंगा इथल्या आपल्या बांधकामावर त्यांना बोलावले. हिवतापाने मजूर आडवे झाले होते आणि काम थांबले होते. त्या काळात हिवतापाशी लढायचे म्हणजे दलदली बुजवायच्या, साठलेले पाणी काढून टाकायचे आणि डासांच्या अळ्या मारायच्या, अशीच समजूत होती. चागास यांनी निराळे निरीक्षण मांडले. डास माणसाला प्रामुख्याने घरात चावतो आणि रक्त पिऊन जड झालेली मादी तिथेच भिंतीवर बसून राहते. तेव्हा लढाई घराच्या आतच करायला हवी. त्यांनी खोल्या बंद करून धुरी दिली, आजारी मजुरांना जाळीआड ठेवले, क्विनीन दिले आणि साथ आटोक्यात आणली. चाळीस वर्षांनी डीडीटी आल्यावर जगभर घरांच्या भिंतींवर जी फवारणी झाली तिच्यामागचा विचार हाच होता. चागास यांची नजर भिंतींकडे वळली होती ती इथे.

1907 मध्ये क्रूझ यांनी त्यांना बेलिसारिओ पेना या सहकाऱ्यासह मिनास जेराइसच्या उत्तर भागात पाठवले. तिथे मध्य रेल्वेचा मार्ग पुढे सरकत होता आणि पुन्हा हिवतापानेच काम अडवले होते. लासांस नावाच्या वस्तीत रुळांवर उभ्या केलेल्या एका डब्यात चागास यांचा मुक्काम पडला; झोपायची जागा तीच, दवाखाना तोच आणि प्रयोगशाळाही तीच. ते तिथे वर्षाहून अधिक काळ राहिले आणि हिवतापाचे काम करत राहिले. एका प्रवासात, रात्रीच्या मुक्कामी, रेल्वेच्या एका अभियंत्याने त्यांना एका किड्याविषयी सांगितले. कुडाच्या भिंतींच्या भेगांत तो दिवसभर दडून राही, दिवा मालवला की बाहेर येई आणि झोपलेल्या माणसाचे, बहुतेक वेळा उघड्या चेहऱ्याचे, रक्त पिई. दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा, ढेकणाच्याच मोठ्या गोतावळ्यातला हा कीटक तिथल्या प्रत्येकाच्या परिचयाचा होता. त्याच्यामुळे काही आजार होतो असे मात्र कुणी म्हणत नव्हते.

हिवतापाशी काही देणेघेणे नसलेला हा किडा त्यांना तपासावासा का वाटला, हा प्रश्न मला त्या सगळ्या शोधाच्या मध्यभागी असलेला वाटतो. एक कारण काळाचे होते. आफ्रिकेतल्या निद्रारोगामागे ट्रिपॅनोसोमा जातीचा परजीवी आणि त्सेत्से माशी आहे हे नुकतेच सिद्ध झाले होते, आणि रक्त पिणारा कोणताही कीटक संशयित मानायला त्या पिढीतले संशोधक शिकले होते. दुसरे कारण चागास यांच्या स्वतःच्या सवयीत होते. इटाटिंगापासून त्यांच्या मनात घर, भिंत आणि झोपलेला माणूस यांचे एक चित्र तयार झाले होते आणि हा किडा त्या चित्रात नेमका बसत होता. त्यांनी किडे पकडले, त्यांची आतडी सोडवली आणि मागच्या भागात वळवळणारे, लांब शेपटीसारखा तंतू असलेले असंख्य सूक्ष्मजीव त्यांना दिसले.

इथे त्यांनी जे केले नाही त्याचे मला अधिक कौतुक आहे. तिथल्याच मार्मोसेट जातीच्या छोट्या माकडांच्या रक्तात त्यांना पूर्वी एक निरुपद्रवी ट्रिपॅनोसोमा सापडला होता आणि त्याचे वर्णनही त्यांनी प्रसिद्ध केले होते. किड्याच्या आतड्यातला जीव म्हणजे त्याचीच एखादी अवस्था असेल, किंवा तो केवळ किड्याचाच पाहुणा असेल, या दोन्ही शक्यता त्यांनी उघड्या ठेवल्या. त्या भागातली माकडे आधीच संसर्ग झालेली असण्याची शक्यता असल्याने लासांसमध्ये प्रयोग करणे निरर्थक ठरले असते. म्हणून त्यांनी किडे रिओला क्रूझ यांच्याकडे पाठवले. तिथे निरोगी मार्मोसेटांवर ते सोडण्यात आले आणि काही आठवड्यांनी एका माकडाच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसू लागले. चागास रिओला आले, त्यांनी काचपट्टी पाहिली आणि हा जीव आधीच्या जीवापेक्षा वेगळा आहे हे ओळखले. आपल्या गुरूच्या नावावरून त्यांनी त्याला ट्रिपॅनोसोमा क्रूझी असे नाव दिले.

आता त्यांच्या हाती वाहक होता, परजीवी होता, आणि रोग नव्हता. ते लासांसला परतले आणि ज्या घरांत किडे होते त्या घरांतल्या माणसांचे आणि जनावरांचे रक्त तपासू लागले. एका घरात मांजराच्या रक्तात परजीवी सापडला. त्याच घरात दोन वर्षांची एक मुलगी होती. काही आठवड्यांपूर्वी ती बरी होती. 14 एप्रिल 1909 रोजी तीच मुलगी तापाने फणफणली असताना, चेहरा सुजलेला, लसिकाग्रंथी आणि प्लीहा वाढलेली, अशा अवस्थेत चागास यांनी तिचे रक्त पाहिले आणि त्यात ट्रिपॅनोसोमा क्रूझी होता. तिचे नाव बेरेनिस. आठवडाभरात रिओच्या वैद्यक अकादमीत क्रूझ यांनी ही बातमी जाहीर केली. त्या वेळी चागास तिशीचेही नव्हते.

पुढच्या काही वर्षांत सन्मान आले. 1912 मध्ये हँबुर्गच्या संस्थेचा शाउडिन पुरस्कार मिळाला, पुढे नोबेलसाठी नाव सुचवले गेले. 1912 मध्येच आर्माडिलो या खवलेवाल्या रानप्राण्यातही हा परजीवी असतो हे चागास यांनीच दाखवले, म्हणजे माणसाच्या घरात येण्यापूर्वी हे चक्र रानात सुरू होते हेही स्पष्ट झाले. एवढे सगळे एकाच माणसाच्या हातून घडल्याचे दुसरे उदाहरण सांगता येणे कठीण. पण याच काळात त्यांच्या हातून चुकाही झाल्या, आणि त्या चुका वाचताना मला त्यांचा माणूस म्हणून अंदाज येऊ लागतो.

पहिली चूक सूक्ष्मदर्शकाखालची होती. प्रयोगातल्या प्राण्यांच्या फुप्फुसात दिसलेली काही गोल कोष्ठे ही ट्रिपॅनोसोमाचीच एक अवस्था आहे असे त्यांनी लिहिले. ती एका वेगळ्याच जीवाची होती, आणि तो जीव आज न्यूमोसिस्टिस या नावाने ओळखला जातो. दुसरी चूक संसर्गाच्या मार्गाविषयीची. हिवतापाच्या डासाप्रमाणे हा किडाही चावताना सोंडेतून परजीवी सोडत असेल असे त्यांनी गृहीत धरले. फ्रान्सच्या एमील ब्रुम्प यांनी 1912 मध्ये दाखवून दिले की संसर्ग किड्याच्या विष्ठेतून होतो: रक्त पिता पिता किंवा प्याल्यावर किडा तिथेच विष्ठा टाकतो, झोपेत माणूस ती जागा खाजवतो आणि परजीवी जखमेतून किंवा डोळ्याच्या नाजूक त्वचेतून आत शिरतो. चागास यांनी स्वतः परजीवी पाहिला होता तो किड्याच्या मागच्या आतड्यात, तरीही हिवतापाचा नमुना त्यांच्या डोक्यातून दीर्घकाळ गेला नाही. आधीच्या यशाने शिकवलेली गोष्ट पुढच्या कामात आड येते, ती अशी.

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. लासांसच्या परिसरात गलगंड सर्रास होता. किडे जवळपास प्रत्येक घरात आणि गलगंडही जवळपास प्रत्येक घरात, तेव्हा एकाचे कारण दुसरे, असा निष्कर्ष चागास यांनी काढला. गलगंड, मतिमंदत्व, वाढ खुंटणे, मज्जासंस्थेचे बिघाड, हे सगळे त्यांनी या नव्या रोगाच्या खात्यावर मांडले. वस्तुतः गलगंडाचे कारण आहारातल्या आयोडिनची कमतरता हे होते. दोन्ही गोष्टी एकाच गरिबीच्या छपराखाली शेजारी राहत होत्या, इतकेच. ही केवळ तर्कातली घाई होती असे मला वाटत नाही. ज्याच्यापाशी परजीवी आहे, वाहक आहे आणि रोग मात्र धूसर आहे, त्याला लोकांना दाखवता येईल अशा खुणेची फार निकड असते. गळ्यावरची गाठ दुरूनही दिसते. जे खरोखर घडत होते ते दिसत नव्हते.

ते असे घडते. संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे परजीवी रक्तात असतो; मुलांना ताप येतो, काही दगावतात, पण बहुतेकांना साध्या तापापलीकडे काही जाणवत नाही. मग परजीवी रक्तातून जवळजवळ दिसेनासा होतो आणि स्नायूंच्या पेशींत जाऊन राहतो. हृदयाच्या स्नायूतंतूंच्या आत त्याचे विभाजन होत असल्याचे गास्पार व्हियाना या तरुण सहकाऱ्याने 1911 मध्ये दाखवले होते. तो बिचारा तीन वर्षांनी, विशी सरता सरता, क्षयाने गेला. यानंतर दहा, वीस, कधी तीस वर्षे काहीच होत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचे हृदय पुढे बिघडते, काहींची अन्ननलिका किंवा मोठे आतडे फुगून निकामी होते, आणि उरलेले लोक परजीवी अंगात घेऊन धडधाकट म्हातारे होतात. शेतात काम करणारा चाळिशीचा माणूस एके दिवशी कोसळतो, आणि त्याचा संबंध बालपणीच्या घराच्या भिंतीशी जोडायला कुणाला सुचत नाही. हृदयाचे ठोके चुकणारी तरुण माणसे आणि अकस्मात मृत्यू हे चागास यांच्या नजरेतून सुटले नव्हते. 1922 मध्ये एउरिको व्हिलेला यांच्यासह त्यांनी रोगाच्या हृदयरूपाचे सविस्तर वर्णन केले. पण खेड्यापाड्यांत पुराव्याची साधने तुटपुंजी होती.

निदानाचीही तीच अडचण होती. जुनाट अवस्थेत रक्ताच्या थेंबात परजीवी शोधणे म्हणजे वाळूच्या ढिगात मोहरी शोधणे. ब्रुम्प यांनी 1914 मध्ये यावर जी युक्ती काढली ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. प्रयोगशाळेत वाढवलेले निर्मळ किडे रुग्णाच्या हातावर ठेवायचे, त्यांना पोटभर रक्त पिऊ द्यायचे आणि काही आठवड्यांनी त्यांची आतडी तपासायची. माणसाच्या रक्तात न दिसणारे दोन-चार परजीवी किड्याच्या पोटात लाखोंनी वाढलेले असतात. रोग पसरवणाराच रोगाचा सर्वांत संवेदनशील शोधक ठरला. ही पद्धत कित्येक दशके जगभर वापरली गेली, आणि या क्षेत्रातल्या संशोधकांचा बराचसा वेळ किड्यांच्या वसाहती जिवंत ठेवण्यात जात असे, हा भाग मात्र गौरवग्रंथांत येत नाही.

शंका बाहेरून आल्या त्या आधी अर्जेंटिनातून. 1915 च्या सुमारास ब्वेनोस आइरेसच्या जीवाणूसंस्थेचे रुडोल्फ क्राउस आणि त्यांचे सहकारी यांना तिथल्या किड्यांत परजीवी सापडले, गलगंडाचे रुग्णही सापडले, पण चागास म्हणत होते तो रोग माणसांत सापडेना. गलगंडाचा दुवा तुटला तसा अनेकांना संपूर्ण रोगच संशयास्पद वाटू लागला. मग शंका घरात शिरली. 1917 मध्ये क्रूझ वारले आणि चागास संस्थेचे संचालक झाले; 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत रिओतली मदतव्यवस्था त्यांच्याकडे आली; 1920 पासून राष्ट्रीय आरोग्य विभागाची धुरा त्यांच्या खांद्यावर होती. अधिकार आला की शत्रूही येतात. 1922 च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक अकादमीत आफ्रानिओ पेशोटो यांनी हल्ला चढवला: लासांसपुरत्या, मोजक्या रुग्णांपुरत्या असलेल्या आजाराचे राष्ट्रीय संकट करून देशाची बदनामी केली जात आहे, आणि परजीवी शोधल्याचे श्रेयही वादातीत नाही, असा त्याचा रोख होता. वर्षभर वाद चालला. अकादमीने नेमलेल्या समितीने शोधाचे श्रेय चागास यांचेच मानले, पण रोगाचा प्रसार किती हा प्रश्न मोकळा ठेवला.

या वादात मत्सर होता, राजकारण होते आणि दुखावलेला राष्ट्राभिमानही होता. पण एवढ्यावर सगळे सोडून देणे मला पटत नाही. पेशोटो यांचा प्रश्न, रुग्ण कुठे आहेत, हा खोडसाळपणे विचारलेला असला तरी शास्त्राच्या दृष्टीने योग्य प्रश्न होता, आणि चागास यांच्यापाशी त्याचे पुरेसे उत्तर नव्हते. उत्तर असणे शक्यही नव्हते. ज्या रोगाला उघड व्हायला वीस-तीस वर्षे लागतात त्याचा शोधक, शोध लागल्यावर तेरा वर्षांनी, त्या रोगाची मोजदाद कशी मांडणार? नोबेलच्या बाबतीत मात्र अधिक बोलू नये. 1921 मध्ये चागास यांचे नाव दुसऱ्यांदा सुचवले गेले होते आणि त्या वर्षी वैद्यकाचे पारितोषिक कुणालाच दिले गेले नाही, एवढे खरे. त्यावरून रचलेल्या कटकारस्थानांच्या कथा मला पोकळ वाटतात.

8 नोव्हेंबर 1934 रोजी हृदयविकाराने चागास गेले तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी सेसिलिओ रोमान्या यांनी अर्जेंटिनात एक साधी खूण नोंदवली: नव्याने संसर्ग झालेल्या अनेक रुग्णांच्या एकाच डोळ्याच्या पापण्या सुजतात. ही खूण गळ्याच्या गाठीसारखी दुरून दिसणारी होती, आणि ती या रोगाची होती. ती कळल्यावर डॉक्टरांना रुग्ण सापडू लागले. साल्वादोर माझा यांनी हुहुई प्रांतात, योगायोगाने रेल्वेच्याच एका डब्यात थाटलेल्या फिरत्या प्रयोगशाळेच्या मदतीने, शेकडोंनी रुग्ण शोधले. 1943 मध्ये मिनास जेराइसमधल्या बांबुई इथे एमॅन्युएल दियास यांनी केंद्र सुरू केले. तिथे गावकऱ्यांचे विद्युत हृदयालेख वर्षानुवर्षे काढले गेले आणि हृदयाचा हा विकार आकडेवारीने सिद्ध झाला. चागास यांचे थोरले चिरंजीव इव्हांद्रो हेही उष्णकटिबंधातल्या रोगांवरच काम करत होते. ब्राझीलमधल्या काळ्या आजाराच्या संशोधनाची सुरुवात त्यांनी केली, पण 1940 मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वडिलांचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरलेले दोघांपैकी कुणालाच पाहायला मिळाले नाही.

बेरेनिसने मात्र पाहिले. 1960 च्या दशकाच्या प्रारंभी संशोधकांनी या बाईंना पुन्हा शोधून काढले. त्यांच्या रक्तातून 1962 मध्ये आणि पुन्हा 1978 मध्ये परजीवी वेगळा करण्यात आला, म्हणजे दोन वर्षांच्या असताना झालेला संसर्ग सत्तरी गाठली तरी अंगात होता. त्यांच्या हृदयात या रोगाची खूण नव्हती. वैद्यकाच्या इतिहासातली या रोगाची पहिली रुग्ण बालपणीच्या त्या तापानंतर त्या रोगाने पुन्हा आजारी झालीच नाही, आणि विरोधकांच्या हाती हा दाखला 1922 मध्ये पडला असता तर त्यांनी त्याचा किती गाजावाजा केला असता याची कल्पना करता येते. पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. परजीवी माणसाला न मारता आयुष्यभर त्याच्यासोबत राहतो, आणि तरीही दर तिघांमागे एकाचे हृदय खाऊन टाकतो, हेच या रोगाचे खरे स्वरूप आहे. कोण वाचेल आणि कोण नाही हे आजही आधी सांगता येत नाही.

जगात आज 60 ते 70 लाख लोकांच्या अंगात हा परजीवी आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांना ते माहीत नाही. औषधे दोनच आहेत, दोन्ही अर्ध्या शतकाहून जुनी; संसर्ग ताजा असताना ती उत्तम काम करतात, हृदय बिघडल्यावर त्यांचा उपयोग फारसा होत नाही. दूषित रक्त चढवल्यानेही हा संसर्ग होतो; रक्तपेढ्यांत तपासणी सुरू झाल्याने तो मार्ग बराचसा बंद झाला. सर्वांत मोठे यश मिळाले ते घरांत. भिंतींवर कीटकनाशक फवारण्याच्या आणि कुडाची घरे सुधारण्याच्या मोहिमांनंतर, ट्रायाटोमा इन्फेस्टन्स या मुख्य वाहक जातीमार्फत होणारा प्रसार थांबल्याचे प्रमाणपत्र ब्राझीलला 2006 मध्ये मिळाले. ही जात मुळात बाहेरून आलेली आणि जवळपास घरांतच राहणारी, म्हणून ती हटवता आली. लासांसमध्ये चागास यांनी ज्याचे आतडे उघडले तो किडा वेगळ्या जातीचा, पॅनस्ट्राँगायलस मेगिस्टस. तो तिथल्या रानातलाच आहे, आर्माडिलोच्या आणि ओपोसमच्या बिळांत आणि झाडांच्या ढोलीत राहतो, आणि फवारणीचा असर ओसरला की पुन्हा घरात येतो. त्यामुळे मिनास जेराइसमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना घरोघरी जाऊन अंथरुणे उचलून आणि भिंतींच्या भेगा उजेडात धरून आजही तपासाव्या लागतात.